तोंडी अर्ज चालत नाही

चाचांच्या पाया पडायला कोणी वाकलं की ते पाय मागे घ्यायचे आणि विचारायचे, “काहून गा, खाली काही सांडलं काय तुहं?” कोणी गहिवरून म्हणालं, चाचा, तुमच्यामुळे वाचलो, तर आणखी बिघडायचे. “वाचला नाई. सध्या बरा हाय. सध्या म्हणत जा.” हा ‘सध्या’ त्यांनी आमच्या सगळ्यांच्या मानगुटीवर बसवला होता. मला कोणी विचारलं, सुटलं का हो तुमचं, तर आजही तोंडातून आधी ‘सध्या’ येतो, आणि विचारणारा माणूस जरा मागे सरकतो. सरकू दे. चार वर्षं मी ज्या लोकांना फसवलं त्यांना मागे सरकायचा हक्क आहे.

चाचा अर्जनवीस होते. चांदूर बाजारच्या तहसील कचेरीसमोर कडुनिंबाखाली त्यांचं टेबल, त्यावर मराठी टाइपरायटर, आणि त्या टाइपरायटरचा ‘ळ’ तुटलेला. मोकळ्या जागी ते नंतर हाताने ‘ळ’ भरायचे. वारसाचे अर्ज, रेशनकार्डाचे अर्ज, भावाने शेताचा धुरा, म्हणजे बांध, कोरला त्याच्या तक्रारी. समोरच्या बाजूला कॉम्प्युटरवाल्यांची दुकानं निघाली तेव्हा त्यांचं गिऱ्हाईक तिकडे गेलं. उरली ती जुनी हट्टी म्हातारी माणसं आणि रविवारी आम्ही.

आम्ही म्हणजे नशेतून उठलेले आठ-दहा जण. अकोल्याचा एक ऑटोवाला होता, तो गर्दच्या नशेतून आला होता. वलगावचा एक शेतकरी होता. चांगला बागाईतदार माणूस, घरी ट्रॅक्टर, आणि खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या कडब्यात लपवून प्यायचा. आणि मी. अकोल्याच्या एका ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवायचो. मूर्तिजापूरजवळ मोटारसायकलवरून पडलो, पाठीची चकती सरकली, दुखण्याच्या गोळ्या सुरू झाल्या. पाठ तीन महिन्यांत बरी झाली. गोळ्या चार वर्षं चालल्या. त्या चार वर्षांत मी बायकोला, प्राचार्यांना आणि पाच वेगवेगळ्या केमिस्टांना एकच वाक्य सांगत होतो, की पाठ फार दुखते हो. सांगताना कमरेवर हातसुद्धा ठेवायचो. बायको माहेरी गेली तेव्हाही मी कमरेवर हात ठेवूनच दारात उभा होतो.

अमरावतीच्या एका व्यसनमुक्ती केंद्रात मला ठेवलं. तिथे अंग धुऊन निघालं. घाम, उलट्या, हातापायांची तडफड, सगळं झालं. निघताना डॉक्टर म्हणाले, शरीर आता स्वच्छ आहे, आता फक्त मनाचं राहिलं. ‘फक्त’ म्हणाले. मी अमरावतीला बहिणीकडे राहायला गेलो आणि पहिल्याच दिवशी चार वाजता पाठ दुखायला लागली. चार वाजता माझा शेवटचा तास संपायचा आणि मी स्टाफरूममधलं कपाट उघडायचो. आता कपाट नव्हतं, कॉलेज नव्हतं, नोकरीही नव्हती, पण पाठीला ते कोणी कळवलं नव्हतं. रविवारीसुद्धा चार वाजता दुखायची. बहिणीचे यजमान कोणाकडून तरी चाचांचं नाव काढून आले आणि मला वलगाववरून जाणाऱ्या एसटीत बसवून दिलं. मला वाटलं, असेल कोणी बुवा, ताईत बांधेल.

चाचांनी मला बसा म्हटलं नाही. एक कोरा कागद पुढे केला.

“काय पाहिजे तुले?”

“काही नाही. गोळी सोडली मी.”

“ते नाई इचारलं. या घटकेले काय पाहिजे?”

मी खाली मान घालून म्हणालो, “गोळी.”

“मंग अर्ज लिह्य. तोंडी अर्ज चालत नाई अठी.”

हीच त्यांची सगळी विद्या. नशेची ओढ आली की ती बोलायची नाही, सोसायचीही नाही, अर्ज लिहायचा. रीतसर. वर ‘प्रति’, मग ‘विषय’, मग ‘महोदय’, मग कारणं क्रमाने, सोबत जोडलेली कागदपत्रं, खाली सही. दिवसात कितीही वेळा ओढ आली तरी तितके अर्ज. वर कोर्ट फीचं तिकीट लावलंच पाहिजे, आणि ते स्वतः जाऊन आणायचं. तिकीटवाला कधी जागेवर नसायचा, म्हणूनच ही अट होती हे मला फार उशिरा कळलं. रविवारी सगळे अर्ज कचेरीसमोर वाचले जायचे. चाचा ते तलाठ्याच्या आवाजात वाचायचे, मग लाल पेनाने कोपऱ्यात ‘नामंजूर’ लिहून खाली झोकदार सही करायचे. तीस दिवसांनी अपील करता यायचं. एकानेही कधी केलं नाही.

माझा पहिला अर्ज त्यांनी असा वाचला: “‘अर्जदाराची पाठ तीव्र स्वरूपात दुखत असून...’ थांब. अर्जदार कोण?”

“मी.”

“तू नाई. अर्जदार मन हाय. तू साहेब हाय, अर्ज तुह्याकडं आला. पुन्ना लिह्य. अन् एक ध्यानात ठेव, साहेबानं अर्जदारासोबत चहा पेऊ नाई. अर्धा चहा झाला का सही होते.”

ऑटोवाला फिदीफिदी हसला. त्याच्या अर्जात त्या आठवड्यात ‘मेहुणीचे लग्न असल्याने’ असं कारण होतं, आणि सोबत लग्नपत्रिका जोडली होती. मग मलाही हसू फुटलं. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा. कारण कागदावर उतरलं की ते किती फाटकं आहे ते दिसतं. डोक्यात असतं तेव्हा ते धर्मशास्त्राइतकं पक्कं वाटतं.

पण माझ्या पाठीवर त्यांनी कागदापुढचा उपाय केला. कॅरम काढला. चाचांचा कॅरम हा वेगळाच प्रकार होता. ते अबोल होऊन, जीभ दातात धरून खेळायचे आणि हरले की समोरच्याच्या खानदानाचा उद्धार करायचे. तासभर आम्ही खेळलो. मी बोर्डावर पार वाकलो होतो. राणी घेतली, तिच्यावर सोंगटीही घेतली, आणि मान वर केली तर चाचा माझ्याकडे बघत होते.

“पाठ?” त्यांनी विचारलं.

साडेचार वाजून गेले होते. पाठ माझ्या लक्षातच नव्हती.

“खरं दुखणं कॅरमसाठी थांबत नाई, प्रोफेसर. हे मनाचं दुखणं हाय. मनाले मालूम हाय तुहा भरोसा कोठी बसते. म्हणून ते पाठीत जाऊन बसते.”

या एका वाक्याने मी बरा झालो, असं मी नंतर कित्येकांना सांगितलं. खरंच होतं ते. त्यानंतर चार वाजता पाठ दुखली की मी तिच्यावर डाफरायचो. हळूहळू तिचं येणं कमी झालं. दुखण्यावर विश्वास ठेवायचा नाही, हे मी इतकं घोकलं की त्यात मला पहिला नंबर मिळाला असता.

चाचा प्रेमळ वगैरे नव्हते. कोणाला शाबास म्हणणं त्यांना जमत नसे. अमरावतीच्या एका मंडळाने त्यांचा सत्कार ठेवला. आम्ही सगळे धुतलेले कपडे घालून पहिल्या रांगेत. पाहुण्यांनी व्यसनमुक्तीवर असं भाषण ठोकलं की वाटलं आता डोळे पुसतील. मग शाल घेऊन पुढे आले. चाचा म्हणाले, “पहिले खिशातला खर्रा टेबलावर ठेवा साहेब, मंग नारळ द्या.” पाहुण्यांचा हात खिशातल्या तंबाखू-सुपारीच्या पुडीकडे गेला तो तिथेच राहिला. शाल बिचारी दोघांच्या मधे लोंबत होती. परत येताना बसमध्ये आम्ही पोट धरून हसलो. चाचा मात्र खिडकीबाहेर बघत बसले होते. थोड्या वेळाने म्हणाले, “तो तरी खर्रा सोताच्याच खिशातला खाते.”

याचा अर्थ मला माहीत होता. त्यांनी तो एकदाच सांगितला होता, कोरडेपणाने, दुसऱ्या कोणाची फिर्याद वाचावी तसा. तरुणपणी त्यांना इंजेक्शनाची नशा होती. बायको आजारी पडली, पोटाचा आजार, त्यातून ती वाचणार नव्हती. तिच्यासाठी डॉक्टरांनी दुखणं थांबवायची इंजेक्शनं लिहून दिली होती. ती चाचा आणायचे आणि स्वतः घ्यायचे. तिला पाण्याची सुई द्यायचे. ती म्हणायची, याच्यानं काही फरक पडत नाई जी. ते म्हणायचे, पडंल. मुलगी लहान होती, दारात उभी राहून बघायची. बायको गेली त्यानंतर वर्षभरात त्यांनी नशा सोडली, आणि कुठल्याही केंद्राशिवाय सोडली. कशी, ते कधी सांगितलं नाही. मुलगी मोठी झाली, उर्दू शाळेत शिकवायला लागली, लग्न केलं नाही, बापाजवळ राहिली. दोघं एकमेकांशी फार कमी बोलत. ती त्यांना अब्बा म्हणायची, पण हाक मारताना मी कधी ऐकलं नाही. ताट ठेवायची आणि आत जायची.

मी चाचांकडे जायला लागून चौथं वर्ष होतं तेव्हा त्यांची पाठ दुखायला लागली.

पाठच. दुसरं काही असतं, दात असता, गुडघा असता, तर मी आज हे लिहिलं नसतं.

सुरुवातीला ते बोलले नाहीत. टाइपरायटरवर बसताना एका बाजूला कलून बसायचे. मग एका रविवारी आमचे अर्ज वाचून झाल्यावर त्यांनी खिशातून स्वतःचा अर्ज काढला. आम्हाला वाटलं थट्टा. अर्ज टाइप केलेला होता, ‘ळ’ हाताने भरलेले होते, तिकीट लावलेलं होतं. विषय: दुखण्याची गोळी घेणेस परवानगी मिळणेबाबत. कारण: अर्जदाराची पाठ दुखत असून झोप येत नाही. सोबत: मुलीने आणलेली गोळ्यांची पट्टी, न फोडता. पट्टी त्यांनी टेबलावर ठेवली. ती माझ्या ओळखीची होती. चार वर्षं मी तीच खाल्ली होती.

“मी साहेब होऊ शकत नाई यात,” चाचा म्हणाले. “अर्जदार माह्याच घरचा हाय. प्रोफेसर, तू पाह्य.”

सगळे माझ्याकडे बघत होते. मला काय वाटलं ते खरं सांगतो. मला अभिमान वाटला. आणि त्या पट्टीकडे बघून माझ्या तोंडाला पाणी सुटलं, त्याचा राग आला. त्या रागात मी म्हणालो, “चाचा, कॅरम काढू.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हसले. कॅरम निघाला. ते खेळले. कपाळावर घाम होता, स्ट्रायकर धरलेला हात एकदा-दोनदा थांबला, पण खेळले. राणी त्यांनीच घेतली. मी मान वर करून विचारलं, “पाठ?”

त्यांनी बाहीने कपाळ पुसलं. मग म्हणाले, “नाई. नव्हती.”

मी लाल पेनाने ‘नामंजूर’ लिहिलं. चाचांनी कागद उलटसुलट पाहिला, घडी घालून खिशात ठेवला आणि मला म्हणाले, “शाबास.” आयुष्यात मला त्यांच्याकडून मिळालेली ही एकच शाबासकी.

आठ महिने हेच चाललं. आणखी तीन अर्ज आले. तीनही मीच नामंजूर केले. एकदा त्यांची मुलगी मला बसस्टँडवर गाठायला आली. डोक्यावरची ओढणी सावरत म्हणाली, “सर, अब्बा भिताले धरून चालून राह्यले. तुमी त्याइले सांगा, डॉक्टरले दाखवा. माहं नाई ऐकत. तुमचं ऐकतीन.”

मी तिला समजावून सांगितलं. फिजिक्स शिकवायचो तसं, पायरीपायरीने. म्हणालो, “ताई, नशेतून उठलेल्या माणसाचं दुखणं असंच असतं. ते शरीराचं नसतं. डॉक्टरकडे गेले तर डॉक्टर गोळी देणार, आणि इतक्या वर्षांचं सगळं पाण्यात जाणार. तुम्ही धीर धरा.”

तिने ऐकून घेतलं. “तुमाले जास्त समजते,” असं म्हणाली. टोमणा नव्हता त्यात. तिला खरंच तसं वाटलं, कारण मी त्यातून गेलेला माणूस होतो. हेच सगळ्यात वाईट. कोणी न भोगलेला माणूस असता, शेजारचा वाणी असता, तर म्हणाला असता, अरे म्हातारा भिंत धरून चालतो, घाला गाडीत. हे कळायला अक्कल लागत नाही. ते न कळण्यासाठी मात्र आमच्यासारखं चांगलं बरं व्हावं लागतं.

मग एका सकाळी चाचांचे पाय उठेनात. मुलीने कोणाला न विचारता गाडी केली आणि अमरावतीला नेलं. मी पोचलो तेव्हा तपासण्या झाल्या होत्या. कॅन्सर. मणक्यात पसरलेला. तरुण डॉक्टर होता, तो फोटो उजेडात धरून आम्हा दोघांना म्हणाला, “हे महिनोन्‌महिने दुखत असणार. एवढ्या दुखण्यात हा माणूस बसत कसा होता? कोणीच कसं आणलं नाही?”

मुलगी माझ्याकडे बघेल असं मला वाटलं. तिने पाहिलं नाही. ती फोटोकडेच बघत राहिली, आणि मी शपथेवर सांगतो, तिने मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

डॉक्टरांनी मॉर्फिनच्या गोळ्या लिहिल्या. चाचांनी घ्यायला नकार दिला. दात आवळून पडलेले असायचे, चादर मुठीत. डॉक्टर मला म्हणाले, तुम्ही सांगा त्यांना, तुमच्यावर विश्वास आहे त्यांचा. मी पलंगाजवळ बसलो. म्हणालो, “चाचा, घ्या. हे खरं दुखणं आहे. फोटोत दिसतंय.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. “हे तू बोलून राह्यला, का तुहं मन?”

“मीच बोलतोय.”

“मंग आठ महिने कोण बोलत होतं?”

ते रागावले नव्हते, खरोखर विचारत होते. ज्या माणसाने आम्हाला मनाचा आवाज आणि आपला आवाज वेगळा करायला शिकवलं, त्याला आता स्वतःच्या पाठीचाही भरवसा राहिला नव्हता. तो मीच घालवला होता. रडू आलं मला, आणि मी रडलो. त्यांनी तोंड भिंतीकडे केलं आणि म्हणाले, “ते औषध माह्या नावाचं नाई. ते तिचं होतं.”

दुसऱ्या दिवशी मी गेलो तर चाचा झोपलेले. मूठ सुटलेली, कपाळ कोरडं. जागे झाले तेव्हा चेहरा इतका मोकळा की मला आधी भीतीच वाटली. “प्रोफेसर,” ते म्हणाले, “पाह्य, आज दुखत नाई. एकबी गोळी न घेता. हारलं ना शेवटी मन.” आणि हसले. त्यांना इतकं आनंदात मी कधी पाहिलं नव्हतं.

मुलगी स्टुलावर बसून चहाचा कप विसळत होती. मी तिच्याकडे बघितलं. तिने कप पालथा ठेवला आणि बाहेर आली. व्हरांड्यात म्हणाली, “चहात देते मी. कुटून. डॉक्टरले इचारलं.” मग आत पलंगाकडे बघत, “अम्मीले पाणी भेटलं होतं. याइले तं खरं भेटू द्या.”

चाचा असे नऊ दिवस जगले. रोज मला सांगायचे, आजबी घेतली नाई. मी म्हणायचो, शाबास चाचा. नवव्या दिवशी दुपारी गेले.

पुढच्या रविवारी कडुनिंबाखाली आम्ही जमलो. त्यांचं टेबल तसंच होतं. वलगावच्या बागाईतदाराने हार आणला होता. ऑटोवाल्याला बोलता येईना, तो म्हणाला, प्रोफेसर, तुम्हीच बोला, शेवटी तुम्ही होते. मी उभा राहिलो. समोर दोन नवीन पोरं बसली होती, केंद्रातून नुकतीच आलेली, हातांची थरथर अजून गेली नव्हती. मी म्हणालो, चाचांना कॅन्सर होता, मणक्यात, आणि शेवटपर्यंत त्यांनी एक गोळी घेतली नाही. पोरांच्या डोळ्यांत काहीतरी उजळलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या वाजवत नाहीत हे कोणाच्या लक्षात आलं नाही.

चाचांची मुलगी टाइपरायटर घरी न्यायला आली होती. ती कचेरीच्या फाटकाशी उभी राहून ऐकत होती. सभा संपल्यावर मी टाइपरायटर उचलून तिच्या ऑटोत ठेवला. ती म्हणाली, “सांगत जा तुमी हे, सर. लोकाइले बळ येते, मले समजते. पर ते आठ महिने बी सांगत जा.”

ऑटो निघून गेली. त्याला आता दोन वर्षं झाली. रविवारचे अर्ज मी वाचतो. शेवटपर्यंत गोळी न घेतलेल्या चाचांची गोष्ट दर नव्या माणसाला सांगतो, ती ऐकून माणसं खरंच टिकतात, आणि ती खोटी आहे. आठ महिने मी अजून एकालाही सांगितलेले नाहीत. गेल्या रविवारी एक जण पोट धरून आला. खरं की खोटं, मला कळेना. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते, आणि तो माणूसही बघत होता, की त्याचं पोट दुखतंय का ते मी सांगावं.